कुणी कुणाला वाढवलं? मंडळीच्या कुटुंब-इतिहासाची वही

मानोऱ्याजवळच्या एखाद्या खेड्यात १९०० साली जन्मलेला माणूस आयुष्यभर एकाच घरात राहिला, तरी त्याचा पत्ता पुनःपुन्हा बदलत गेला. जन्मला तेव्हा जिल्हा होता बाशिम. १९०५ साली तो जिल्हा मोडला आणि मंगरुळाकडची गावं अकोला जिल्ह्यात गेली. वऱ्हाड आधीच मध्य प्रांताला जोडला गेला होता. १९३६ साली त्या प्रांताचं नाव ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ झालं, १९५० साली मध्य प्रदेश झालं. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा वेगळा निघाला, तेव्हा त्या माणसाची नातवंडं आपल्या अर्जांवर नव्या जिल्ह्याचं नाव लिहू लागली. घर तेच, विहीर तीच. पण पणजोबांचा कागद शोधायला निघालेल्या पोराला अकोल्याला जायचं, नागपूरला जायचं की वाशीमलाच चौकशी करायची, हेच कळत नाही.

असा शोध एकट्या माणसाच्या आवाक्यातला नसतो. ख्रिस्ती मंडळीच्या आवाक्यातला मात्र असतो. दर रविवारी एका छताखाली ऐंशी वर्षांची आजी, शेतात राबणारा मुलगा, नोकरीवरून सुटीला आलेली सून आणि संडे स्कूलचं लेकरू एकत्र बसतात. हल्ली घरातसुद्धा चार पिढ्या अशा एकत्र बसत नाहीत. त्यामुळे मंडळीनं वर्षभर मिळून करायचं एक काम म्हणून कुटुंबाच्या इतिहासाकडे पाहायला हवं. ते कसं करता येईल, कोणत्या वयाच्या माणसानं काय करायचं आणि कुठे जपून पाऊल टाकायचं, याचा हा विचार.

शेजारचा धडा

या कामाचं एक मोठं उदाहरण मानोरा तालुक्यातच आहे. पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे आणि रामनवमीच्या यात्रेला देशाच्या कानाकोपऱ्यातून तांडे येतात. शतकानुशतकं बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून फिरलेल्या या समाजानं आपला इतिहास कागदावर कमी आणि तोंडी जास्त ठेवला. गोत्रांची नावं, पिढ्यांची नावं, लढण्याच्या-मरण्याच्या कथा गाण्यांतून पुढे गेल्या. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला नगाऱ्याच्या आकाराच्या इमारतीत बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलेल्या ठेव्याला त्यामुळे एक कायमची जागा मिळाली.

तालुक्यातल्या प्रत्येक समाजाला यातून शिकता येईल. इतिहास राजांचाच असतो असं नाही. तांड्याचाही असतो, वस्तीचाही असतो, आणि तो जपायचा निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो.

वऱ्हाडातली मंडळी कुठून आली

वसईच्या ख्रिस्ती घराण्यांना आपला इतिहास पोर्तुगीज काळापर्यंत मागे नेता येतो. वऱ्हाडातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांची गोष्ट त्यापेक्षा बरीच अलीकडची आहे आणि ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सुरू होते. अकोला-खामगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मिशन आणि वाशीम-बुलडाण्याकडे नाझरीन मिशन अशी कामं उभी राहिली. वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल नाझरीन मिशननं १९३०च्या दशकात सुरू केलं. यवतमाळला १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली. ती १९८३ साली पुण्याला गेली, पण तीस वर्षांत तिथे शिकलेले पाळक देशभर पसरले. कॅथलिक कुटुंबांच्या बाबतीत अमरावती धर्मप्रांत १९५५ साली झाला. त्याआधी हा भाग नागपूरच्या अखत्यारीत होता.

एकोणिसाव्या शतकाच्या त्याच अखेरीस दोन भीषण दुष्काळ पडले, १८९६–९७चा आणि १८९९–१९००चा. गावंच्या गावं ओस पडली, आईबाप गेलेली लेकरं रस्त्यावर आली आणि मिशनांनी ठिकठिकाणी अनाथाश्रम उघडले. पंडिता रमाबाई १८९६च्या अखेरीस स्वतः मध्य प्रांतात आल्या आणि दुष्काळात सापडलेल्या मुलींना घेऊन गेल्या. केडगावचं ‘मुक्ती’ मिशन त्यातूनच वाढलं. तिथे शेकडो मुली शिकल्या. कुणी शिक्षिका झाल्या, कुणी ‘बायबल-बाई’ होऊन गावोगाव फिरल्या.

म्हणजे वऱ्हाडातल्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबात पणजीच्या पलीकडे काही माहीत नसेल, तर त्याचं कारण घरच्यांची हयगय हेच असेल असं नाही. पणजीला स्वतःलाच आपल्या आईबापांची नावं ठाऊक नसतील. अनाथाश्रमाच्या वहीत तिची जन्मतारीख अंदाजानं लिहिली गेली असेल. दुसऱ्या एखाद्या घरात पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला आणि भावकीनं त्यांच्याशी संबंध तोडला. ती फांदी तिथेच थांबली. तिसऱ्या घरात मिशन कंपाऊंडमध्ये स्वयंपाक करणाऱ्या एखाद्या मावशीनंच तीन पोरक्या मुलांना वाढवलं. तिचं नाव कोणत्याही वंशावळीत नाही, पण त्या तीन मुलांच्या नातवंडांनी आज अर्धी मंडळी भरलेली आहे.

यावरून या कामाची दिशा ठरते. मंडळीच्या कुटुंब-इतिहासात पहिला प्रश्न ‘कोण कुणाचा मुलगा’ हा नसून ‘कुणी कुणाला वाढवलं’ हा असायला हवा.

याला पवित्र शास्त्राचाच आधार आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाची सुरुवातच वंशावळीनं होते. अब्राहामापासून निघालेली ही नावांची माळ योसेफापर्यंत येते. पण मत्तयच पुढे सांगतो की येशू योसेफाच्या रक्ताचा नव्हता. योसेफानं त्याला आपलं नाव दिलं, घर दिलं, सुतारकाम शिकवलं. शास्त्रातली सर्वांत महत्त्वाची वंशावळ एका वाढवणाऱ्या बापाच्या आधारानं उभी आहे. त्या यादीत मरीयेच्या आधी चार स्त्रिया येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. त्यांतल्या राहाब आणि रूथ परक्या मुलखातल्या, आणि चौघींच्याही कथा सोप्या नाहीत. मत्तयानं त्यांना लपवलं नाही. पौल तीमथ्याला लिहिताना त्याच्या विश्वासाचं मूळ शोधतो, तेव्हा आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेतो. वडिलांचं नाव तिथे नाही.

तहसीलची वंशावळ आणि मंडळीची वही

आपल्याकडे वंशावळ म्हटलं की लोकांना आधी तहसील कचेरी आठवते. जातीच्या दाखल्यासाठी, वैधतेसाठी १९५०, १९६१ किंवा १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मग कोतवाल बुकाची नक्कल काढतात, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहतात, आजोबांचं नाव सापडलं की जीव भांड्यात पडतो. हे कागद फार मोलाचे आहेत आणि मंडळीच्या कामातही उपयोगी पडतील. विदर्भात गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात होत असत. ज्या घरात बाप्तिस्म्याचा दाखला उरलेला नाही, तिथे कोतवाल बुक किंवा शाळेचं रजिस्टर हाच जुना लेखी पुरावा असू शकतो.

पण त्या वंशावळीत बाप, आजोबा, पणजोबा अशी एकच ओळ चालते. आई नाही, आजी नाही, माहेर नाही. ख्रिस्ती विवाहाच्या नोंदीतही हाच प्रकार आहे. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातल्या ठरावीक नमुन्यात वधूवरांचं वय, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण आणि वडिलांचं नाव असतं. आईच्या नावाला रकानाच नाही. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात मात्र बहुधा आईबाप दोघांची नावं मिळतात, कॅथलिक मंडळीत धर्ममातापित्यांचीही. त्यामुळे मंडळीच्या वहीत प्रत्येक माणसापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: जन्म कुणाच्या पोटी, वाढवलं कुणी, आणि विश्वासात आणलं कुणी. पहिला रकाना रिकामा राहिला तरी दुसरे दोन भरता येतात, आणि अनाथ पणजीचं पानही कोरं राहत नाही.

लेकरांचं काम

संडे स्कूलच्या लहान मुलांपासून सुरुवात करावी. त्यांना मोठा तक्ता काढायला लावू नये. एकच प्रश्न घरी न्यायला सांगावा: माझं नाव कुणी ठेवलं आणि का? दानिएल, मार्था, सुवार्ता, आशिष, करुणा अशा नावांमागे कधी नवस असतो, कधी वारलेली मावशी असते, कधी दवाखान्यात रात्रभर उशाशी बसलेली परिचारिका असते. पुढच्या रविवारी मुलांनी मंडळीपुढे उभं राहून दोन-दोन वाक्यांत सांगावं. मोठ्यांना आपल्याच घरातली गोष्ट अनेकदा इथे पहिल्यांदा कळते.

आठ-दहा वर्षांच्या मुलांना चार पिढ्यांचा तक्ता जमतो: मी, आईबाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. एकूण १५ चौकोन. यांत आईकडचे आणि वडिलांकडचे चौकोन बरोबरीचे हवेत. जे चौकोन भरता येत नाहीत, त्यांत मुलांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढावं. मोठ्या मुलांनी त्या प्रश्नचिन्हांची एक यादी करावी. पुढच्या वर्षभराचं शोधकाम त्या यादीतूनच निघतं.

अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिव्हश यांनी २०००च्या सुमारास मुलांसाठी २० प्रश्नांची एक यादी केली. आईबाप कसे भेटले, आजी-आजोबा कुठे वाढले, घरावर कोणतं संकट आलं होतं, असे साधे प्रश्न. ज्या मुलांना यांची उत्तरं जास्त माहीत होती, त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला. नुसती उत्तरं पाठ केल्यानं हे होत नाही, हेही या संशोधकांनी सांगितलं. ज्या घरात माणसं एकत्र बसून बोलतात, त्याच घरात ही उत्तरं मुलांपर्यंत पोचतात. मंडळीनं अशी एकत्र बसण्याची निमित्तं उभी करावीत.

विचारणारे तरुण, सांगणारे बुजुर्ग

तरुण संघाकडे मोबाइल आहे आणि वडीलधाऱ्यांकडे आठवणी. दोन-दोन तरुणांच्या जोड्या कराव्यात. एकानं विचारावं, दुसऱ्यानं ध्वनिमुद्रण सांभाळावं. आधी परवानगी घ्यावी, ती आवाजातच नोंदवावी. सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोलून घ्यावी, नाहीतर दहा वर्षांनी ही आजी कोण हेच कळत नाही. पंखा बंद, खिडकी बंद, मोबाइल आजीच्या जवळ. पाऊण तास पुरे. थकवू नये, पुन्हा जावं.

‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ असं विचारलं की माणूस गप्प होतो. वस्तूबद्दल, जागेबद्दल, जेवणाबद्दल विचारलं की बोलू लागतो. तेही आपल्या बोलीत विचारावं. ‘आबाजी, तुमी शायेत कुठी जात होते? पायी का बैलगाडीनं?’ ‘माय, बाहत्तरच्या दुष्कायात घरात काय शिजत होतं?’ या एका प्रश्नावर लाल मिलो ज्वारी निघते, सुकडी निघते, खडी फोडायला गेलेले हात निघतात. त्यातूनच कुणी मदत केली, कुणाच्या घरी राहिलो, हेही हळूहळू येतं.

सालं आठवत नसतील तर मोठ्या घटनांच्या खुंट्या वापराव्यात. मानमोडीची साथ १९१८ची. गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ची. महाराष्ट्र झाला तो १९६०चा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३चा. ‘तुमचं लग्न दुष्काळाच्या आधी की नंतर? तेव्हा वाशीम जिल्हा झाला होता का?’ एवढ्यानं दोन-चार वर्षांच्या आत अंदाज येतो. वहीत त्यापुढे ‘सुमारे’ असं स्पष्ट लिहावं.

आणि लिहून काढताना आजीची वऱ्हाडी पुस्तकी करू नये. एखाद्या घरात बंजाऱ्यांची गोरमाटी बोलली जात असेल, तर तीही तशीच ठेवावी.

मराठीतलं एक थोर आत्मकथन असंच विचारण्यातून आलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रासाठी त्यांचा मुलगा देवदत्त साहित्य जमवत होता. त्यानं आईला, लक्ष्मीबाईंना, आठवणी लिहायला लावलं. लक्ष्मीबाईंचं शाळेत शिक्षण झालेलं नव्हतं. त्या लिहीत गेल्या आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागानं पुस्तकरूपात आलं. टिळक कुटुंब एका बाप्तिस्म्यानं कसं तुटलं आणि पुन्हा कसं जोडलं गेलं, हे त्यामुळे मराठी घराघरांत पोचलं. तशी आई प्रत्येक मंडळीत आहे. तिला विचारणारा मुलगा मात्र उभा करावा लागतो.

माहेरांचा नकाशा

महिला मंडळानं करायचं हे काम. पांढऱ्या जाड कापडावर वऱ्हाडाचा मोठा नकाशा काढावा: मानोरा, मंगरुळपीर, कारंजा, दिग्रस, दारव्हा, पुसद, वाशीम, अकोला, यवतमाळ. प्रत्येक बाईनं आपल्या माहेरच्या गावावर एक टाका घालावा आणि तिथून सासरपर्यंत रंगीत दोरा ओढावा. तिच्या आईचं माहेर वेगळ्या रंगानं. केडगाव, अहिल्यानगर, नागपूर अशी दूरची गावं कापडाच्या कडेला.

दोन-तीन बैठकांत एक गोष्ट डोळ्यांना दिसू लागते. पुरुषांची वंशावळ एकाच गावाभोवती फिरते, पण बायकांच्या दोऱ्यांनी अख्खा मुलूख विणलेला असतो. मंडळ्यांचे एकमेकींशी असलेले संबंध, कोणत्या गावाहून विश्वास कोणत्या गावी गेला, कोणत्या मिशन शाळेत कुणाच्या आया एकत्र शिकल्या, हे या नकाशावर उलगडतं. काम चालू असताना बायका बोलतात, ते बोलणंही कुणीतरी टिपून घ्यावं.

फोटो, गाणी, फराळ

एक रविवार फोटोंचा ठेवावा. प्रत्येक घरानं एकच जुना फोटो आणायचा आणि त्यातली माणसं ओळखायची. नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं, कडेला लिहावीत. बॉलपेननं लिहू नये, शाई पुढे उमटते आणि दाबाचा वळ पुढच्या बाजूला येतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. त्या उष्णतेनं आणि डिंकानं फोटो कायमचा बिघडतो, परत सोडवता येत नाही. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढण्यापेक्षा पानासकट मोबाइलनं टिपावा. उन्हात नाही आणि फ्लॅशनंही नाही, सावलीतल्या उजेडात. कौटुंबिक बायबलचं पहिलं पानही याच दिवशी आणावं. त्यावर जन्म, लग्न, मृत्यू लिहिण्याची पद्धत जुन्या घरांत होती.

एक संध्याकाळ गाण्यांची. ‘उपासना संगीत’मधलं कोणतं गीत आपल्या आजोबांच्या तोंडी असायचं, ते प्रत्येक कुटुंबानं म्हणावं. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हटली जातात, पण चाली गावागावात वेगळ्या. छापील पुस्तकात शब्द आहेत, चाल नाही. ती म्हणणारा माणूस गेला की चालही जाते. म्हणून आवाज नोंदवावा आणि कुणाकडून शिकलो हे लिहावं.

नाताळच्या आधी फराळाचा दिवस सहज जमतो. करंज्या, शंकरपाळे, चकल्या यांबरोबर प्रत्येक घराचा एक खास पदार्थ असतो. पाककृती लिहिताना ‘आईची’ एवढंच न लिहिता आईचं पूर्ण नाव आणि माहेर लिहावं. जिचं नाव कोणत्याही सरकारी कागदावर मोठ्या अक्षरात आलं नाही, तिचं नाव निदान इथे यावं.

दफनभूमी आणि रजिस्टर

पुनरुत्थानाच्या पहाटे अनेक मंडळ्या दफनभूमीत उपासनेला जातात. कॅथलिक घरं २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात. त्याआधीच्या शनिवारी सर्व वयाच्या लोकांनी मिळून साफसफाई आणि नोंद करावी. गवत काढणं तरुणांचं, पाणी आणणं मुलांचं, कुठे कोण आहे हे सांगणं वडीलधाऱ्यांचं. दगड धुताना साधं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, ॲसिड, कपडे धुण्याची पावडर यांनी अक्षरं झिजतात. पुसट अक्षरं सकाळच्या तिरक्या उन्हात स्पष्ट दिसतात, तेव्हाच फोटो घ्यावा. अनेक कबरींवर दगडच नसतो. तिथे कोण पुरलेलं आहे हे ज्याला आठवतं, त्याच्याकडून साधा आराखडा काढून घ्यावा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.

मंडळीचं रजिस्टर पाहणं मोठ्यांचं काम आहे आणि ते पाळकांच्या परवानगीनं, त्यांच्यासमोरच व्हावं. कॅथलिक चर्चमध्ये १५६३च्या ट्रेंट परिषदेपासून बाप्तिस्मा आणि विवाहाच्या वह्या ठेवणं बंधनकारक झालं. प्रोटेस्टंट मंडळ्यांचा शिरस्ता वेगवेगळा आहे. काही ठिकाणी लेकरांचा बाप्तिस्मा होतो, काही ठिकाणी लेकराचं अर्पण आणि मोठेपणी बाप्तिस्मा. म्हणून बाप्तिस्म्याच्या तारखेवरून जन्मसाल काढताना आपल्या मंडळीची रीत आधी विचारावी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्याआधीच्या वह्या कोणत्या नावानं, कोणत्या गावी ठेवल्या गेल्या, हे जुन्या सेवकांनाच ठाऊक असतं. इंग्रजीत लिहिलेल्या नोंदींत वाशीमचं ‘बाशिम’, यवतमाळचं ‘येवतमाळ’, अचलपूरचं ‘एलिचपूर’ झालेलं असतं. एकाच माणसाचं आडनाव तीन पानांवर तीन तऱ्हांनी सापडतं. स्वच्छ कोरड्या हातांनी पानं उलटावीत, पान न दाबता फोटो घ्यावा आणि मूळ वही जिथली तिथे राहू द्यावी.

गावातले कागद संपले की बाहेर पाहावं. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) सुरू झालं. त्याच्या जुन्या अंकांत मराठी मंडळ्यांच्या कामाच्या बातम्या आहेत. बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजच्या संग्रहात मिशनांचे कागद आहेत. अमेरिकेत १८९४ साली युटामध्ये एक वंशशास्त्र संस्था सुरू झाली. फॅमिलीसर्च ही फुकट वापरता येणारी सेवा तिच्यातूनच पुढे आली. ती लॅटर-डे सेंट्स चर्चची आहे आणि पूर्वजांविषयीची त्यांची धर्मशिकवण वेगळी आहे. पण नोंदी शोधण्याची त्यांची पद्धत कुणालाही वापरता येते. वऱ्हाडातल्या साध्या माणसांची नावं तिथे थोडीच मिळतील, हे धरूनच बसावं. आपला खरा साठा आपल्या गावातच आहे.

जपून ठेवायच्या जागा

जुनं काही उघडलं की त्यात दुखणारंही निघतं. मंडळीतल्या कुटुंबांच्या मुळाशी जात आहे, भूक आहे, टाकून दिलेली लेकरं आहेत, दुसरी लग्नं आहेत, भावकीचे तंटे आहेत. म्हणून काही नियम आधीच ठरवून सर्वांना वाचून दाखवावेत. जे घर सांगू इच्छित नाही, त्याला कुणी पुन्हा विचारायचं नाही. दत्तक घेतलेल्या मुलाला ती गोष्ट त्याच्या आईबापांनीच सांगायची, मंडळीच्या तक्त्यानं नाही. हयात माणसांच्या जन्मतारखा, आधार आणि फोन नंबर भिंतीवर किंवा व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत. पूर्वीची जात लिहायची की नाही, हे त्या कुटुंबानं ठरवायचं. आणि कुणाचे पूर्वज मोठे, कुणाचे आधी आले, यावरून मान ठरवायचा नाही. अंत नसलेल्या वंशावळींत गुंतू नका, हा पौलाचा इशारा त्याच तीमथ्याला दिलेला आहे, ज्याला त्यानं आजीची आठवण करून दिली. दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात.

मुलाचा तक्ता रिकामा असेल तर शिक्षकानं त्याच्याजवळ बसावं. ‘तुला कोण वाढवतं?’ या प्रश्नापासून त्याचा तक्ता सुरू करावा. आई-बाप नसलेलं किंवा आजीकडे राहणारं लेकरू या कामात मागे पडलं, तर अख्खं काम फसलं असं समजावं.

वही तयार झाल्यावर

वर्षाच्या शेवटी हे सगळं एका वहीत उतरवावं. जाड, शिवलेली, आम्ल नसलेल्या कागदाची वही मिळाली तर उत्तम, नाहीतर चांगली हिशेबाची वही चालेल. प्रत्येक कुटुंबाला दोन पानं. प्रत्येक माहितीपुढे ती कुणी सांगितली आणि कधी, हे लिहावं. पुढे कुणाला शंका आली तर ताडून पाहता येतं. वहीची एक प्रत मंडळीत, एक जिल्ह्याच्या किंवा धर्मप्रांताच्या कार्यालयात, एक मंडळीतल्याच एखाद्या जबाबदार घरी. पाळकांची बदली होते, मोबाइल हरवतो, पेन ड्राइव्ह काही वर्षांत बंद पडतो. म्हणून आवाज आणि फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवावेत आणि दरवर्षी उघडून पाहावेत. कागदाची प्रत मात्र असलीच पाहिजे.

सुरुवात मोठी नको. येत्या रविवारी उपासनेनंतर पाळकांनी दोनच नावं विचारावीत: मंडळीतलं सर्वांत वयस्क माणूस कोण, आणि संडे स्कूलमधलं सर्वांत लहान लेकरू कोण. त्या दोघांची एक भेट ठरवावी, सोबत एक तरुण आणि एक मोबाइल द्यावा. पहिला प्रश्न लेकरानं विचारावा: ‘तुम्हाला कुणी वाढवलं?’ आजीनं घेतलेलं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहावं, मग ते आईचं असो, मावशीचं असो, अनाथाश्रमातल्या बाईचं असो की शेजारणीचं. मंडळी उभी राहिली ती या वाढवणाऱ्या माणसांमुळे. त्यांची नावं लिहून ठेवणं हे आपल्यावर असलेलं त्यांचं ऋण आहे, आणि ती सांगू शकणारी माणसं आपल्यात आहेत तोवरच ते फेडता येईल.